तोरणाच्या टॅगवर मदतीचा आकडा

दिवाळीच्या प्रदर्शनांचे बॅनर लागायला लागले की या कॉलममध्ये एरवी लोकर कुठे स्वस्त, मण्यांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट बरी की भुलेश्वर, असले प्रश्न येतात. पण 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात सीना नदीच्या काठाने जे झालं, पिकं तर गेलीच पण शेतातली मातीसुद्धा वाहून गेली, ते बघितल्यापासून हाताने काहीतरी करून विकणाऱ्या आपल्या बायकांची (आणि पुरुषांचीही, त्यांची पत्रं पण आहेत) विचारणा एकच, की आम्ही विकून पैसे देणार आहोत, ते नीट कसे द्यायचे. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न: ताई, आम्ही चौघी मैत्रिणी कापडी तोरणं करतो. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की "या दिवाळीची विक्री पूरग्रस्तांसाठी" आणि ऑर्डरी धडाधड आल्या. तोरण 450 रुपयांना आहे, त्यात कापड, लेस, मणी मिळून 160 जातात, पॅकिंगचे 15, स्टॉलच्या भाड्यातला वाटा 45. काल एका काकूंनी विचारलं की मी दिलेले साडेचारशेच्या साडेचारशे तिकडे जाणार ना, आणि आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. त्यांना काय सांगू?
(चौघींपैकी एक, बोरिवली)

उत्तर: काकूंनी बरोबर विचारलं, आणि खरं सांगू का, बाकीच्यांनी विचारलं नाही म्हणजे त्यांना कळलंय असं नाही, त्यांनी पण साडेचारशेच गृहीत धरलेत. "विक्री पूरग्रस्तांसाठी" असं वाचल्यावर कुणी कापडाचे 160 मनात वजा करत बसत नाही हो.

आता तुमचाच हिशोब बघू. 450 मधून 220 गेले, उरले 230. एक तोरण करायला तुम्ही लिहिलं नाहीये पण चार तास तरी लागत असतील, म्हणजे तासाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये पडले. हे सगळे 230 देऊन टाकले तर तुमची मजुरी शून्य. चौघींना ते चालणार असेल तर प्रश्नच मिटला, पण मग तसं स्पष्ट लिहा. माझं मत विचाराल तर देऊ नका सगळे. तुमच्या घरी दुसरा पगार येत असेल, शेजारच्या स्टॉलवरच्या बाईकडे तो येत नसतो, आणि तुम्ही मजुरी फुकट धरून तोरण विकलंत की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तिला म्हणतं, त्या बायका तर एवढ्यात देत होत्या. मदत तुम्ही केलीत आणि भुर्दंड तिला, हे काही बरोबर नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, टक्क्यांत बोलू नका आणि "नफ्यातला वाटा" असंही लिहू नका, नफा किती ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? एका नगामागे रुपये किती ते लिहा. "या तोरणामागे 100 रुपये मुख्यमंत्री सहाय्यता निधीला" एवढं टॅगवर छापा, किमतीच्या खालीच, बारीक अक्षरात नाही. काकूंना कळलं 100, तुम्हाला कळलं 130 आपले, आणि साठ तोरणं गेली तर 6000 भरायचे हे लहान पोराला पण कळेल. कुठल्या तारखेपर्यंतच्या ऑर्डरी धरणार आणि पैसे कधी भरणार ते पण त्याच मेसेजमध्ये टाका, नाहीतर होतं काय की दिवाळी संपते, मग तुळशीचं लग्न, मग कुणीतरी गावी जातं आणि पैसे पडून राहतात.

ज्यांनी पहिला मेसेज वाचून आधीच पैसे भरलेत त्यांना एकेकीला मेसेज करा की बाई, असं असं आहे, 100 जाणार आहेत, चालेल ना, नको असेल तर पैसे परत करते. परत मागणारी क्वचितच निघेल पण विचारायचं तुम्ही.

आणि एक, जीपे कुणाच्या नंबरवर येतंय? त्याच खात्यातून दूधवाला, रिक्षा, पोरांचा क्लास जात असेल तर महिनाअखेरीला कुठले 100 कुणाचे ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. घरातलं एखादं पडून असलेलं खातं त्यासाठी मोकळं ठेवा, किंवा रोज रात्री त्या दिवसाचे बाजूला वळते करा. स्टॉलवर पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवून कुणी निघाला तर थांबवा त्याला, आपल्या बँकेचा मेसेज येईपर्यंत तोरण हातात द्यायचं नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे पूर आहे का भूकंप आहे ते बघत नाहीत.

प्रश्न: माझ्या ग्राहकांपैकी काही जण विचारतात की आम्हाला 80जीची (देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते ती) पावती द्या. मी रेझिनचे दिवे करते. मी देऊ शकते का? आणि पैसे सरकारी फंडाला द्यावे की संस्थेला?
(अंधेरी पूर्व)

उत्तर: नाही देऊ शकत. त्यांनी दिवा विकत घेतला, देणगी दिली नाही. पैसे तुमच्याकडे आले ती तुमची विक्री, तुमचं उत्पन्न, आणि त्यातून तुम्ही जे दिलंत त्याची पावती तुमच्या नावाने येणार. ज्यांना टॅक्समध्ये सूट हवी त्यांनी सरळ फंडाच्या किंवा संस्थेच्या खात्यात स्वतः भरायचे, मध्ये तुम्ही नकोच. तुमच्या स्वतःसाठी सांगते, ही वजावट जुन्या टॅक्स रिजीममध्ये मिळते, नव्यात नाही, आणि 2000 रुपयांच्या वर रोख दिलेत तर जुन्यातही नाही, त्यामुळे पाकीट घेऊन कुणाच्या ऑफिसात जाऊ नका, बँकेतून पाठवा. चौघी-पाचजणी मिळून देत असाल तर पावती कुणाच्या नावाने घ्यायची ते आधी ठरवा, मी यावरून मैत्री तुटलेली ऐकलीये.

फंड की संस्था, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी (हा 1948 पासूनचा आहे) यांना दिलेल्या रकमेवर 100 टक्के वजावट असते, बऱ्याचशा संस्थांना दिलं तर 50 टक्के आणि त्यालाही मर्यादा असते. पण टॅक्स वाचवायला तर तुम्ही दिवे विकत नाही आहात. फंडाला दिलेत की पावती लगेच, तपासायची कटकट नाही, पण तुमचे 4000 नेमके कुठे गेले हे कळणार नाही. छोट्या संस्थेला दिलेत तर कळेल की अमुक गावात शाळेची दप्तरं घेतली, पण आधी तपासणं तुमच्यावर आलं. ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागा, 80जीचं पत्र मागा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (तिथे स्वयंसेवी संस्थांची यादी असते) नाव आहे का बघा, आणि मुख्य म्हणजे खातं संस्थेच्या नावावर आहे का बघा. "सरांच्या नंबरवर टाका, मी पुढे पाठवतो" असं कुणी म्हटलं की तिथेच विषय बंद.

प्रश्न: आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळाने एक मोठी गोधडी शिवली आहे, खूप सुंदर झालीये. 50 रुपयांची तिकिटं विकून लकी ड्रॉ काढायचा आणि जमलेले पैसे मदतीला द्यायचे असं ठरतंय. एक वकीलकाका म्हणतात करू नका. ते प्रत्येक गोष्टीला करू नकाच म्हणतात.
(मुलुंड)

उत्तर: यावेळी काका बरोबर आहेत, सांगा त्यांना. तिकिटं विकून नशिबावर बक्षीस म्हणजे लॉटरी, आणि सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे, पैसे कुठल्याही चांगल्या कामाला जाणार असले तरी. सोसायटीत कोण बघायला येतंय हे उत्तर देऊ नका, सोसायटीतच तर सगळ्यात जास्त बघणारे असतात!

लिलाव करा की. गावाकडे गणपतीच्या शेवटच्या दिवशी प्रसादाच्या नारळाचा, मोदकाचा लिलाव होतो, वीस रुपयांचा नारळ हजारांत जातो आणि घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटत नाही, उलट कॉलर ताठ. तसाच गोधडीचा करा. पहिली बोली साहित्याच्या खर्चाची ठेवा, बोलणारा कुणीतरी खड्या आवाजाचा घ्या, कोजागिरीच्या दुधाला सगळे गच्चीवर जमतीलच. मी तर म्हणते 50 च्या तिकिटांपेक्षा जास्तच जमतील, तिसऱ्या आणि सातव्या मजल्याचं आपसात जमत नसेल तर विचारूच नका.

आणि सोसायटीच्या बाहेर जाऊन, दारोदार डबा घेऊन पैसे गोळा करणार असाल तर ते वेगळं प्रकरण आहे. सार्वजनिक वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 सी खाली परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. वस्तू विकणं निराळं, नुसते पैसे मागणं निराळं.

प्रश्न: विक्रोळीत आमचा बचत गट आहे, आम्ही जुन्या साड्यांच्या काठांचे पाऊच शिवतो. एका ऑफिसने दिवाळी हॅम्परसाठी 500 पाऊचची ऑर्डर दिली, नगाला 90 रुपये ठरले. आता ते म्हणतात की या हॅम्परमधून पूरग्रस्तांना मदत जाणार आहे तर तुम्हीही हातभार लावा, 75 करा. नाही म्हटलं तर वाईट दिसेल का? गटातल्या दोघींचं माहेर बीडचं आहे, त्यांना तर बोलताच येईना.
(बचत गटाची सचिव)

उत्तर: हे पत्र वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून आधी पाणी पिऊन आले.

नगामागे 15, म्हणजे 500 पाऊचचे 7500 रुपये. ते कुणाच्या खिशातून? तुमच्या. पावती कुणाच्या नावाने? ऑफिसच्या. चेक देतानाचा फोटो कुणाचा, ते तर विचारायलाच नको. आणि ज्या दोघींच्या माहेरचं शेत पाण्यात गेलं त्यांच्याच मजुरीतून हे 15 कापणार, म्हणजे पूरग्रस्तांकडून घेऊन पूरग्रस्तांनाच द्यायचं आणि मध्ये नाव आपलं. ज्या कंपन्यांना सीएसआर कायद्याने लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात, ते स्वतःच्या नफ्यातून, तुमच्या काठापदरातून नाही.

वाईट अजिबात दिसणार नाही, फक्त भांडू नका, लेखी कळवा. असं काहीसं लिहा: "ठरलेला दर 90 रुपयेच राहील. आमचा गट स्वतःच्या वतीने प्रत्येक पाऊचमागे 5 रुपये देणार आहे, त्याची पावती गटाच्या नावाने घेऊ आणि तसं छोटं कार्ड पाऊचमध्ये ठेवू." तुमचे 2500 गेले, पण तुमच्या मर्जीने आणि तुमच्या नावाने. ते 5 पण जमत नसतील तर नका देऊ, त्या दोघींच्या घरी तुम्ही आधीच काय काय पाठवलं असेल ते मला न सांगता कळतंय. ऑर्डर मोडतील ही भीती असेल तर बघा, दिवाळी तोंडावर असताना 500 पाऊच शिवून देणारं दुसरं कोण मिळणारे त्यांना.

अजून एक. गटाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) केली आहे का? फुकट होते, नसेल तर करून घ्या. अशी नोंद असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कराराप्रमाणे पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेच लागतात, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. मदतीच्या गप्पा मारणारी ऑफिसं बिलाला होळीपर्यंत लटकवतात, सगळी नाही, पण तुम्ही तयारीत राहा.

प्रश्न: आम्ही काही आज्या मिळून स्वेटर आणि गोधड्या करतो. विकून पैसे देण्यापेक्षा वस्तूच पाठवाव्यात असं आम्हाला वाटतं, हाताची ऊब पोचते. बरोबर ना?
(लालबाग)

उत्तर: आज्जी, ऊब पोचते हे खरं, पण आधी फोन करून विचारा, तिथे काय हवंय. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून इतके कपडे गेले की रस्त्याच्या कडेला ढीग पडून होते, कोळी बायकांना न चालणारे, न बसणारे, काही तर फाटके. 2020 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनंतर भाजलेल्या, आई गेलेल्या कांगारूच्या पिल्लांसाठी कापडी पिशव्या शिवून हव्या होत्या, तर जगभरच्या बायकांनी एवढ्या शिवल्या की शेवटी आता पुरे, पाठवू नका असं सांगायची वेळ आली. भावना सगळ्यांच्या चांगल्याच होत्या.

पूर ओसरला की पहिल्या आठवड्यात खराटे, फावडी, फिनेल, पिण्याचं पाणी, बायकांसाठी पॅड लागतात. 2021 च्या जुलैत चिपळूणला ज्यांचं घर होतं त्यांना विचारा, घराघरातून चिखल उपसत होते लोक, स्वेटर कुठे ठेवणार? गोधडीची वेळ नंतर येते, थंडी पडल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांना. म्हणजे तुम्ही आता शिवायला घेतल्यात तर चुकीचं नाहीच, फक्त पाठवायची घाई नको. जुन्या कपड्यांचं काम करणारी गूंज ही संस्था 1999 पासून आहे, तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे मिळालं, ते लोक कपडे निवडतात, दुरुस्त करतात, जुन्या सुती कापडाची पॅड आणि गोधड्या करतात. तुमच्यासारख्यांना नाही म्हणणार नाहीत पण त्यांनाही आधी विचाराच. आणि काही गोधड्या विकायला ठेवा, एका गोधडीच्या पैशात रब्बीच्या बियाण्याला हातभार लागेल, त्याची गरज नोव्हेंबरात जास्त असते.

प्रश्न: मदत अशी करावी की या हाताचं त्या हाताला कळू नये. हल्ली कंदील विकायचा आणि वर पूरग्रस्तांचं नाव लावायचं, हा धंद्याचा नवा प्रकार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपण याला खतपाणी घालू नये.
(निवृत्त शिक्षक, गिरगाव)

उत्तर: सर, स्वतःच्या पेन्शनमधून देत असाल तर गुपचूप द्या, उत्तमच. पण इथे पैसे लोकांचे आहेत, ते गुपचूप दिले तर उद्या तुम्हीच विचाराल की दिले का खाल्ले. पावती ग्रुपवर टाकायलाच हवी, रक्कम आणि तारखेसकट.

धंदा आहे का, हो, थोडा आहेच. नाव लावल्याने विक्री वाढते हे नाकारून काय उपयोग. पण त्यात सगळंच वाईट असतं असं नाही सर. 2018 च्या ऑगस्टात केरळात पूर आला तेव्हा एर्नाकुलम जिल्ह्यातल्या चेंदमंगलमच्या हातमागवाल्यांचा ओणमसाठी विणून ठेवलेला सगळा माल चिखलात गेला. त्या डाग पडलेल्या साड्या जाळून टाकायच्या बेतात ते होते, तर त्या धुऊन, उकळून, कापून त्यांच्या छोट्या बाहुल्या केल्या, चेकुट्टी नाव ठेवलं, एक बाहुली 25 रुपयांना. तेराशे-पंधराशेच्या एका साडीतून 360 बाहुल्या निघत, म्हणजे साडीचे 9000 झाले, आणि पैसे गेले विणकरांच्या सोसायटीकडे. बाहुल्या करायला शाळाकॉलेजातली पोरं, ऑफिसातले लोक फुकट बसत. आता याला धंदा म्हणायचं तर म्हणा. याच्या उलट उदाहरण पण देते, त्सुनामीनंतर ऑरोविलने कोळी बायकांना बोटाएवढ्या बाहुल्या करायला शिकवलं, त्सुनामिका, आणि ठरवलं की त्या विकायच्या नाहीत, नुसत्या भेट द्यायच्या, कुणाला वाटलं तर देणगी द्यावी, आणि बायकांना त्या कामाची मजुरी मिळायची. दोन्ही चाललं.

अजून एक प्रकार आहे, तो मला सगळ्यात आवडतो, की ज्यांच्यावर आपत्ती आली त्यांच्याकडूनच माल घ्यायचा. कच्छमध्ये 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावातल्या अजरख (ठशांनी छापलेलं कापड) छापणाऱ्या खत्री कुटुंबांच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, तेव्हा त्यांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. त्यांना कपडे पाठवून काय होणार होतं, त्यांचं कापड घेणारं गिऱ्हाईक हवं होतं.

मला खटकतं ते वेगळंच. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईचा फोटो आणि त्याच्याखाली कंदिलाची किंमत, हे मी या वर्षात अनेकदा बघितलं. तो फोटो काढा, आकडा लिहा. तिथे मी तुमच्याच बाजूची आहे.

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो मावशी, मी तिकडच्या मराठी लोकांकडून डॉलर जमा करून तुझ्या खात्यात पाठवतो, तू तुझ्या पैशांबरोबर देऊन टाक. चालेल ना?
(ठाण्याहून मुंबईत रोज येणारी, दादरला स्टॉल)

उत्तर: नको. परदेशी नागरिकांनी दिलेली देणगी एफसीआरए कायद्याखाली येते, आणि भाच्याच्या ग्रुपमध्ये अमेरिकन पासपोर्टवाले असणारच, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी ते परदेशीच धरतात. अशी देणगी नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीसुद्धा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात. ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेलं वेगळं धरतात, पण मिसळून आलेल्या पैशांत तुम्ही ते कसं दाखवणार? भाच्याला सांगा, एफसीआरए नोंदणी असलेली संस्था शोध आणि थेट तिकडेच पाठव. त्याला तुमच्या पणत्या हव्या असतील तर त्याची ऑर्डर निराळी घ्या, बिल निराळं करा, आणि कुरियरचे पैसे आधी घ्या, अमेरिकेला पणत्यांपेक्षा कुरियरच महाग पडतं.